टीप (असल्यास)

विट्याच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी सतरंज्या ठेवायचे,
मी साडेदहाला उजेडाची पेटी लावते
आणि तारळेकरांच्या स्टुडिओचा एकेक डबा उघडते.
बिस्किटांचे पत्र्याचे डबे. आत बटर पेपरची पाकिटं.
आंबूस वास. फिल्म मरायला लागली की असा येतो.
पेपर वाचायला येणारे म्हणतात,
कुणाचं तरी लोणचं नासलंय.

मोजे, ब्रश, बाराशे डीपीआयवर स्कॅन,
मग रकाने.
क्रमांक. साल, अंदाजे. आकार. स्थिती.
व्यक्ती : अनोळखी.
व्यक्ती : अनोळखी.
व्यक्ती : अनोळखी, पुरुष, कोट घातलेला.

कोट एकच आहे.
हे कळायला मला तीन आठवडे लागले.
डाव्या खिशापाशी तेच रफू
आणि त्याच्या आत सत्तावन्न माणसं,
लेंगऱ्याची, बलवडीची, आळसंदची,
सोनं गाळायला निघालेली
कोईमतूरला, कटकला, कुठं कुठं.
आदल्या दिवशी स्टुडिओत येऊन
कोटात शिरली, आईसाठी एक कॉपी काढली,
कोट खुंटीला लावून गेली.
मी रविवारीसुद्धा घरी भाजी निवडताना मोजते
कुणाकुणाला तो खांद्यात सैल होता.

मार्चमध्ये इलाही शिकलगार आले.
वय ब्याऐंशी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
दुसऱ्याचं राहिलेलं.
तारळेकरांकडे अठ्ठावीस वर्षं रिटचिंग.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, मोठं करून दाखवलं.
नाही, म्हणाले. ह्यो बी नाही. नाही ओळखत.
चहा संपवला.
मग म्हणाले, मूळ द्या की हातात.

मोजे त्यांनी घातले नाहीत. मीही बोलले नाही.
निगेटिव्ह खिडकीशी नेली,
उजेडासमोर नव्हे, उजेडाच्या कडेला,
तिरपी, विळ्याची धार बघतात तशी,
आणि मला पहिल्यांदा दिसल्या
गालांवर पेन्सिलीच्या रेघा,
मुंगीच्या पायाएवढ्या, शेकड्यानं.

"ह्यो पाऱ्याचा. बारकेपणी देवी आलेल्या. तीन तास गेले माझे.
ह्याचे कान. कानाला काय करणार?
ह्यो रात्रभर रडून आलेला, डोळ्याखालचं काढलं.
ही भाळवणीची. सोयरीक जमत नव्हती. कपाळाला भाजलेलं.
बाप म्हणाला, ठेवू नका.
नाही ठेवलं."
आणि नावं?
"नावं पावतीपुस्तकात."
पावतीपुस्तकं वाळवीनं खाल्ली, सत्त्याण्णव साली.

स्क्रीनवर सगळ्यांचे गाल गुळगुळीत.
मी मोठं केलं, आणखी मोठं केलं,
शेवटी नुसते चौकोन उरले.

'कर्ता' या रकान्यात एकच नाव बसतं.
ते तारळेकरांचं.
पुण्याला सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला,
तो म्हणाला, मॅडम, टीप आहे ना खाली, तिथं टाका.
टाकलं.
४१२. पुरुष, पारे. देवीचे वण होते.
४१९. पुरुष. रडून आलेला.
दोन्हींत रिटचिंग : इ. शिकलगार, पेन्सिल, टू एच.
४३०. स्त्री, भाळवणी. कपाळावर
इथं हात थांबला.
खोडलं.
बाप म्हणाला होता, ठेवू नका.
आज ती असेल तर पंचाहत्तरीची असेल,
नातवंडं फोनवर शोधतील, सापडेल,
आणि मी तिच्या कपाळावर
परत तो डाग ठेवलेला असेल.
पण नाही लिहावं
तर हा म्हातारा एका डोळ्यानं
कशावर राबत होता, तेही पुसलं जाणार.

त्यांनाच विचारलं.
ते दारात चपला शोधत होते.
"लिवा की. नायतर नका लिवू.
मी पेन्सिल हलकीच चालवायचो, बाई.
ओल्या कापसानं निघती."

सव्वापाच. शिपाई कुलूप घेऊन उभा.
चारशे तीसची टीप
अजून कोरी आहे.
स्थिती : चांगली.