पाच नंबरची पिशवी

गीझर बिघडला तशी मी मागच्या मोरीत आंघोळ करू लागले,
आणि न्हाणीघरात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
नायलॉनची दोरी बांधली.

बियाणं देणारा पोरगा म्हणाला,
काड फॉर्मेलिनमध्ये भिजवा मावशी, रात्रभर.
म्हटलं, नको रे बाबा, त्याला मी ओळखते.
एकतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात काढली,
शवागाराच्या दारातला वास
खायच्या वस्तूला कशाला?
परसात चूल पेटवली,
डेगीत सोयाबीनचं भुसकट उकळलं,
तरंगू नये म्हणून वर पाटा ठेवला.

हात कोपरापर्यंत धुतले.
नळ कोपरानं बंद करायला गेले, सवयीनं.
घरचा नळ तसा बंद होत नाही.

भुसकटाचा थर, कडेकडेनं चिमूट चिमूट बियाणं,
पुन्हा थर.
तोंड आवळून भोकं पाडली, इंजेक्शनच्या सुईनं;
दुसरं काय असणार माझ्याकडं?
दहा पिशव्या दोरीला टांगल्या
आणि समोर वॉर्डच उभा राहिला.
मग नंबर घातले. वही केली.
रात्री टॉर्च घेऊन राउंड.
सुगंधा तोंडाला पदर लावून बघून गेली:
"कुत्र्याच्या छत्र्या खाणार व्हय, सिस्टर?"

नऊ दिवसांत नऊ जणी पांढऱ्या झाल्या,
दुधावरच्या सायीसारख्या, आतून.
पाच नंबरला कुशीत हिरवा डाग.
नियम मला पाठ आहे: उचला, लांब नेऊन पुरा.
उचलली.
पुरली नाही.
मधल्या खोलीत भिंतीच्या खुंटीला एकटी टांगली,
वर ओलं गोणपाट,
दिवसातून तीनदा पाणी फवारलं.

त्या भिंतीपलीकडं दस्तगीर सतारमेकरचं दुकान.
चौथ्या दिवशी दारात उभा.
"एस्तेरबाई, भिंतीला घाम आलाय.
तिथं माझे भोपळे आहेत. दोन वर्षं वाळवलेले.
भोपळ्याला ओल धरली की आवाज बसतो,
मग गिऱ्हाईक मला शिव्या घालतं, तुम्हाला नाही."

मी काही बोलले नाही. चूक माझीच.
त्याला वाळायला हवं, मला भिजायला,
मध्ये नऊ इंचाची वीट.

तो आत आला, पिशवी हातात घेऊन
बोटाच्या पेरानं टिचकी मारली, भोपळ्याला मारतो तशी.
कान लावला.
(काय ऐकलं ते विचारलं नाही.)
खिशातून बारकी पटाशी काढली,
हिरवं तेवढं कोरून काढलं, थोडं पांढरंही गेलं,
आणि जखमेवर
पानाच्या डबीतला चुना लावला, अंगठ्यानं.
"आता भिंतीवरून हलवा," एवढंच.

हलवली. मागच्या जिन्याखाली, बादलीशेजारी.
बाकीच्या नऊ जणींनी बाविसाव्या दिवशी तुरे काढले.
कडा वर वळायच्या आत
पिळून काढायचे, ओढायचे नाहीत.
पावणेदोन किलो.
लक्ष्मी मार्केटात भाजीवाल्यानं हातात घेऊन पाहिलं,
म्हणाला, शाकाहारी आहे का ते आधी सांगा.
अर्धा किलो खपलं. उरलेलं उन्हात वाळवलं,
माझ्याच गच्चीवर,
दस्तगीरच्या भोपळ्यांना गच्चीच मी देऊन टाकलीय,
त्यांच्या मधल्या जागेत.

पाच नंबरकडं बघणं मी सोडलं होतं.
खरं सांगते, विसरलेच होते.
साबणाची वडी शोधायला वाकले एका पहाटे
तर चुन्याच्या डागाच्या बरोबर उलट्या बाजूला
एक घोस. राखी. बोटभर कानांचा.
एकशे चाळीस ग्रॅम.

कांदा, लसूण, सुगंधाच्या हातचं काळं तिखट.
अर्धी वाटी मुमताजच्या हाती पलीकडं पाठवली.
काही निरोप आला नाही.
दुपारभर भिंतीतून एकच तार ऐकू येत होती,
घासतोय, छेडतोय, पुन्हा घासतोय,
जवारी जमेना वाटतं.

वहीत तारीख टाकली,
नंबर पाच. पुढच्या रकान्यात
"डिस्चार्ज" लिहायला गेले, मग खोडलं.
दुसरा तोडा अजून यायचाय.