दोरीच्या अलीकडे

आज दोनशे बारा.
पाविया धक्क्यावरून ओरडून आकडा सांगतो,
जणू सील मोजून आणलेत.
मी दोरी खांद्यावर टाकते आणि चढाला लागते.

वर सात घरं आहेत. घरं म्हणजे
गवताखाली दबलेले सात खळगे,
एकाच्या दाराशी देवमाशाची बरगडी,
आणि खाली गोठणीनं धरून ठेवलेला उकिरडा:
हाडं, पिसं, सीलच्या कातड्याचे तुकडे,
गेल्या उन्हाळ्यात आपणहून वर आलेला
लहान मुलाचा एक हातमोजा,
अंगठा अजून वाकलेला.

बारा-बारा जण, मी म्हणते. बूट ब्रशनं घासा.
फळीवरूनच चाला.
हे मी तीन भाषांत म्हणते
आणि चौथीत, माझ्या, मनातल्या मनात
थोडं वेगळं म्हणते.

वाईट नसतात हो माणसं.
कुणी न सांगता टोपी काढतं.
एक बाई हळूच विचारते, हे लोक गेले कुठे?
खाली, मी म्हणते. निळं घर, डावीकडून दुसरं.
कॉफी मिळेल.

मागच्या वर्षी जमीन तपासणारी पोरगी आली होती,
लांब सळीचा थर्मामीटर घेऊन.
म्हणाली, बिबियाने, उकिरडा कुजायला लागलाय.
मला ठाऊक होतं. कुत्र्यांना माझ्याही आधी.
चारशे वर्षं थांबलेला वास आता सुटलाय,
त्याला कुणाचे बूट लागत नाहीत,
त्याला दोरी दिसत नाही.

आणि शाळेचा नवा बॉयलर
याच जहाजांच्या पैशांतून आलाय, हेही लिहून ठेवा.
कारोलुस सभेत म्हणाला, बंद करा सगळं.
त्याच्या सुनेनं मान वर केली नाही,
कॉफीचं दुकान तिचं.
सभा मध्यरात्री संपली, लख्ख उन्हात.
ठरलं एवढंच: दोरी दोन हात मागे घ्यायची.

मार्चमध्ये पार्सल आलं. आत अंड्याएवढा दगड
आणि चिठ्ठी: नेला होता, क्षमा करा, जागेवर ठेवा.
जागेवर!
मुठीत घेऊन सातही खळग्यांभोवती फिरले.
कुठलीच भिंत म्हणाली नाही, माझा.
आता तो स्वयंपाकघरात वहीवर असतो,
खिडकी उघडली की पानं फडफडू नयेत म्हणून.

आई सांगायची, हिवाळा सरला की
जुनी माणसं घरांची छपरं काढून ठेवत,
आत ऊनवारा खेळू देत,
आणि तंबू घेऊन निघून जात.
घर राखणं म्हणजे काय
हे त्यांचं त्यांना निराळंच माहीत होतं.
आम्ही पोरं त्याच खळग्यांत भातुकली मांडायचो.
दगडी दिव्याचा एक कपचा मी घरी नेला होता.
माझी चिठ्ठी मी कुणाला लिहू?

भोंगा वाजतो. होड्या परततात.
दोरी गुंडाळत मी उतरते.
फळी संपते तिथून पुढे एक वाट पडलीय,
शेवाळ पार निघून खडी दिसतेय.
बोटभर शेवाळ धरायला इथे एक आयुष्य लागतं.
कुणाचं हे काम, म्हणून वाकून पाहते.
बूट एकच आहे, जाऊन-येऊन, जाऊन-येऊन,
टाच डाव्या अंगाला झिजलेली.

मी पाय उचलून बघत नाही.
उद्या नव्वदच आहेत, म्हणतात.