ठसा

आमच्या गावाचं नाव तेहेतीस.
हसू नका, खरंच तेहेतीस,
कुणा तेहेतीस जणांनी कधीकाळी नदी ओलांडली म्हणून.
ती नदी वेगळी. आमच्या मागून वाहते ती ओलिमार,
आणि तिच्याकडे पाठ करून माझं औषधांचं दुकान:
खोकल्याचं सायरप, मधुमेहाच्या पट्ट्या, बाळांची पावडर,
आणि खालच्या कप्प्यात, काही वर्षांपासून,
सरकारी शिक्क्याची गांजाची पाकिटं.

काचेवर बोट ठेवायचं.
यंत्र कारण विचारत नाही.
हिरवा दिवा लागला की मी पाकीट देते,
लाल लागला की सांगते, पुढच्या आठवड्यात या.
निवाडा दिव्याकडे,
माझ्याकडे फक्त सुट्टे पैसे.

यामांदू गवंडी आहे. सिमेंटनं त्याच्या बोटांवरच्या रेषाच खाल्ल्यात.
तीनदा ठेवतो, तीनदा लाल.
मी व्हॅसलीन चोळून देते, तो बोटावर फुंकर घालतो, म्हणतो,
बाई, अख्खी शाळा बांधली या हातांनी,
आणि हे डबडं मला ओळखत नाही.

दोन्या सेफेरिना एक्याऐंशीची.
गुडघ्यांसाठी नेते, म्हणते झोप लागते.
सून कुरकुरते, म्हातारी नादाला लागली.
म्हातारी म्हणते, नाद मला साठ वर्षं तुझ्या सासऱ्याचा होता,
तो मेला तसा तोही सुटला.

मार्चमध्ये क्लबात सभा झाली.
मोंतेविदेओहून आलेल्या डॉक्टरीणबाई पडद्यावर मेंदू दाखवत होत्या,
कोवळा मेंदू, पंचविशीपर्यंत ओल्या मातीसारखा,
जे टेकेल त्याचा ठसा उमटतो म्हणाल्या.
मागून कुणी ओरडलं, आणि कोपऱ्यावर विकणारे?
ते बसलेत घरी, ते नको का मोजायला?
टाळ्या दोघांनाही पडल्या. मीही दोन्ही वेळा वाजवल्या.
गुडघ्यांत माते चहाचा थर्मास धरून मी मधल्या रांगेत,
कडेची खुर्ची रिकामी होती तरी.

माझे वडील ग्राप्पा पिऊन गेले.
शेवटी सकाळी दात घासण्याआधी लागायची.
त्यांच्याकडे कुणी बोट मागितलं नाही.
माझा भाऊ हेबेर, एकोणऐंशी साली,
खिशात एक विडी सापडली,
अकरा महिन्यांनी परत आला तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.
उजव्या बाजूला बसून बोलायची सवय
मला अजून आहे, कुणाशीही.

म्हणून कायदा आला तेव्हा मी पहिल्यांदा सही केली.
बँकेनं खातं बंद केलं, तरी केली.
अजूनही करीन.

आणि तरी
दर गुरुवारी साडेपाचला नाहुएल येतो.
माझा. तेवीस वर्षांचा.
जनावरांचा डॉक्टर होणार होता,
अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
वासरू बाहेर काढलेला पोरगा,
तोच हात, आता तर्जनी तेवढी पुढे करतो.
रांगेत उभा राहतो, मध्ये घुसत नाही.
दोन वाजता उठलेला असतो, केस ओले.
कॉलेजचं विचारलं की म्हणतो, बघू.
हिरवा दिवा.
बाकीच्यांना मी बजावते, बेतानं हं.
त्याला म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते,
कारण तो लगेच म्हणेल, तूच तर विकतेस.
आणि खरं आहे ते.
तो थँक्यू म्हणतो, दुकानदारीणबाईला म्हणावं तसं.

दुसऱ्याचं कार्टं असतं तर मी छान बोलले असते.
आकडे सांगितले असते, क्लिनिकचा पत्ता दिला असता.
पत्ता खणात आहे. चिठ्ठीवर, माझ्याच अक्षरात.
कोपरे मऊ पडलेत.

या गुरुवारी तो आला नाही.
साडेपाच, पावणेसहा.
यामांदू आला, त्याचं पहिल्याच झटक्यात हिरवं लागलं,
तो एवढा हरखला की पाकीट विसरून निघाला.
सहा वाजता शटर अर्धं ओढलं.
मला आनंद होतोय की भीती वाटतेय
हे सांगणारा दिवा कुणी अजून केलेला नाही.

रोज बंद करताना मी ती काच स्पिरिटनं पुसते.
आज फडकं हातात घेतलं,
आणि घेऊनच बसले,
शटरच्या खालच्या फटीत
येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट बघत.