चुका

किसननगर तीन नंबर, गिरणीवरचा पोटमाळा.
खाली दळण चालू, वर आमच्या केसांवर पीठ.
लहानूमामा फर्मा मांडीवर उलटा घेतात,
ओठांत चिमूटभर चुका,
म्हणून शिकवणं सगळं भुवयांनी.

आधी चवडा. मग कुशी. टाच शेवटी.
कातडं रात्रभर ओल्या गोणपाटात निजलेलं;
पकडीनं ओढलं की कुरकुरतं,
थोडं येतं,
थोडं राखून ठेवतं.
मी हट्टाला पेटले तर टाकाच उसवला.
भुवई चढली.

फर्म्याच्या अंगठ्यापाशी चामड्याच्या तीन चकत्या,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं साल.
कोपरीच्या घरत बाईंचं हाड वाढत चाललंय
आणि मामा लाकडाला ते कळवत राहतात.
मी बाईंना कधी पाहिलं नाही.
त्यांचा पाय मात्र अंधारातही ओळखेन.

चवड्याच्या वळणावर सुरकुत्या पडतात, पंख्यासारख्या.
ओढ, ठोक. ओढ, ठोक.
अकरा बसल्या. बारावीनं
बुटाचं सगळं नाक डावीकडे नेलं.

मामांनी तोंडातली शेवटची चूक काढली,
दिवसभरात पहिल्यांदा बोलायला.
"बूट कुणाचा?"
"घरत बाईंचा."
"मग?"
बस, एवढंच.

पक्कड माझ्याच हातात दिली.
माझ्या चुका मीच उपटल्या,
वाकलेल्या, ओलसर.
फेकायला निघाले, तर म्हणाले,
"ठेव. ऐरणीवर सरळ कर.
उद्या लागतील."

खाली गिरणी थांबली होती.
चहाला लोखंडाची चव.
मी एकेक घेऊन ठोकत बसले.