चिंचघाट फाटा, दोन गन

मे महिना. सावलीतही सत्तेचाळीस.
पत्र्याखाली मशीन धापा टाकतं,
आपलाच वेग आपण कमी करतं,
साठावरून चाळीस, चाळीसवरून बावीस.
मी केबिनमधला कूलर ओढत बाहेर आणते,
जाळीचं तोंड मशीनकडं करते,
आणि ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन उन्हात बसते.

मी सुकेशनी ताकसांडे.
वणीची आयटीआय, ट्रेड इलेक्ट्रिशियन.
वर्गात मुली दोन. दुसरी आता सुरतेला असते, साड्यांना फॉल लावते.

चालू झालं त्या दिवशी सगळं गाव पाहायला आलं.
होमराजकाका म्हणाले,
"टाकी नाई, वास नाई, मंग तू विकून काय रायली?"
मी म्हटलं, वेग.
मग म्हटलं, नाही, वेळ.
अजून माझं नक्की ठरलेलं नाही.

त्यांच्या ई-रिक्षाला आमची गन बसत नाही.
"तोंडं काहून येगयेगळी केली बापा?"
मी केबिनच्या सॉकेटातून वायर काढून देते.
हे कंपनीला सांगू नका.

रस्त्यानं दिवसभर कोळसा जातो, फाटक्या ताडपत्रीखालून सांडत.
त्याची धूळ स्क्रीनवर येऊन बसते.
पुसलं की खालून कंपनीचं हिरवं पान निघतं.
फडकं काळं.
फडकं मी पिळते, वाळत घालते, पुन्हा पुसते.

आधी गाड्या थांबत नसत.
चिंचघाट म्हणजे एक गतिरोधक आणि एक शिवी.
आता चाळीस मिनिटं.
चाळीस मिनिटांत माणूस फोन पाहून संपवतो,
मग मान वर करतो.
वर्षा कुळमेथेच्या गाडीवरची तर्री खातो, नाक पुसतो,
विचारतो, हे झाड कोणतं?
मोह.
आणि ते?
तोही मोहच.

त्या दुपारी एक गाडी आली, तीन टक्क्यांवर,
काचा खाली, एसी बंद,
बॉनेटवर झेंडूची माळ कोळपलेली.
आत नवरदेव.
पाटणबोरीहून निघालेला, वरोऱ्याला लग्न,
मुहूर्त चार पस्तीसचा.
मी गन लावली. बावीस.
"बाई," त्याची आई म्हणाली, "तो कूलर जरा इकडं फिरव नं,
माहा पोरगा शिजून रायला."
मी म्हटलं, "काकू, पोराला हवा दिली तर गाडीला मिळणार नाही."
काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं
की मीच लग्न मोडलं.

नवरदेव मात्र उतरला.
फेटा काढून सीटवर ठेवला,
शेरवानीच्या बाह्या वर केल्या, हातपंपावर गेला,
दोन बादल्या आणून कूलरच्या टाकीत ओतल्या.
मेंदी नव्हती हाताला, ग्रीस होतं थोडं.
मग आम्ही सगळे आकड्याकडं बघत उभे,
काकू, करवली, पोह्याची ताटली घेऊन वर्षा,
अंतरपाटाकडं बघावं तसे.
सव्वीस.
एकतीस.
होमराजकाकांनी उगाच टाळी वाजवली.

एकोणीस टक्क्यांवर मी गन काढली.
"पुरेल?"
"पाटाळ्याच्या पुलापर्यंत एसी लावू नका. परतीला थांबा."
गाडी गेली. आवाज नाहीच तिला,
वळणावर कुत्रं उशिरा भुंकलं.

रात्री साडेअकराला आली परत.
हवा उतरली होती, मशीन पूर्ण साठावर.
गावाचं थ्री-फेज अजून यायचं होतं,
मोटारीसाठी जागणारे चौघे आमच्या दिव्याखाली
पत्ते पिसत बसले होते.
काकू मागच्या सीटवर घोरत होत्या.
नवरी उतरली. शालू खोचलेला, पायात स्लीपर.
"मी लावू?"
"जड आहे."
"असू दे."
दोन्ही हातांनी उचलली तिनं, एकदा चुकली,
मग खट् झालं, आणि ती स्वतःशीच हसली.

"किती वेळ?"
"चाळीस मिनिटं."
"बरं झालं," ती म्हणाली,
आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर बसून
बांगड्या एकेक मागं सारत राहिली.