दोन नंबरचं बटण

डिसेंबरातले साडेसहा. आनंदवल्लीत अजून धुकं,
आणि मी यायच्या आधीच बॉनेट कोमट.
हाताची उलटी बाजू टेकवली, बोललो नाही काही.
इंजिन गारच ऐकायचं असतं; गरम मिळालं
की समजायचं, कुणीतरी आधीच त्याची समजूत काढून गेलंय.

डॉक्टर निमसे मात्र आत्ताच उठलेले, स्वेटर उलटा.
“पाच वर्षं. एकहाती. माझ्याशिवाय कुणी हात लावला नाही.
हॉस्पिटल ते घर, आणि सोमवारी त्र्यंबक. बस्स.”

गिऱ्हाईक पिंपळगावचं, ढोबळे, तरणं पोर,
कोल्ड स्टोरेजवालं,
साडेपाचशे घोडे म्हटलं की डोळ्यांत पाणी येणारं.
मला अडीच हजार दिलेत
ते माझे कोरडे ठेवायचे.

पत्र्यावर मीटर टेकवत गेलो:
एकशे दहा, एकशे पंधरा, एकशे आठ,
डावं मागचं दार तीनशे चाळीस.
रंग असा जुळवलाय की ऊनसुद्धा फसावं.
मी फसलो नाही, कारण हा हात ओळखीचा,
अंबडला माझ्याच शेडमधल्या मुस्तकीमचा.
“एक बाई आल्या होत्या, उस्ताद. रोख दिले.
बिल नको म्हणाल्या.”
तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

टायर चारही नवे. पाच वर्षांतला तिसरा जोड.
“रस्तेच तसे आहेत आपले,” डॉक्टर म्हणाले.
ब्रेकच्या चकतीला काठ आलेला, नख अडकेल असा.
सोमवारच्या त्र्यंबकानं असा काठ येत नाही,
देव कितीही घाईत असला तरी.

स्कॅनर जोडला. बिघाड शून्य.
आणि खाली, सहसा कुणी जात नाही त्या पानावर,
लाँच कंट्रोल: एकेचाळीस वेळा.
“हे काय असतं?”
“काही नाही. जोरात निघायची सोय.”
“असं? आपण कधी वापरली नाही.”

मग सीट. दारावर बटणं.
एक दाबलं: सीट मागे सरकली, खाली बसली,
डॉक्टरांच्या पोटाएवढी जागा झाली.
दोन दाबलं.
सीट पुढे आली. आणखी पुढे. वर उचलली गेली,
स्टिअरिंग खाली उतरलं, दोन्ही आरसे
हळूच वाकले, कुणाच्या तरी नजरेला नजर द्यायला.
कुणी न बसता
कुणीतरी बसलं.

चहाचा ट्रे घेऊन त्या पायरीवर उभ्या होत्या.
पाच फूट असतील नसतील.
पायात बूट, लेस घट्ट बांधलेले,
टाचेला धरणाकडचा मुरूम, ओला.
माझ्याकडे बघितलं त्यांनी.
ट्रे हलला नाही.

“हे कुणाचं सेटिंग?” डॉक्टर.

बावीस वर्षं गाड्या तपासतोय.
गाडीबद्दल खोटं अजून कुणाशी बोललो नव्हतो.
“कंपनीतूनच येतं तसं,” म्हणालो.

चहात आलं भरपूर होतं.

ढोबळेला गेटबाहेर नेऊन मात्र खरं ते सांगितलं:
दार ठोकलेलं आहे, चकत्या बदलाव्या लागतील, दीड लाख पाड.
इंजिन निरोगी. ज्यानं चालवलीय
त्याला चालवता येते.
“डॉक्टरांना?” तो हसला.
मी वायर गुंडाळत राहिलो.

व्यवहार ठरला. किल्ल्या मागितल्या, डॉक्टरांनी एक दिली.
“दुसरी?”
“दुसरी कधीपासून सापडतच नाहीये, हो.”

“सापडेल,” बाई म्हणाल्या,
कपात कप घालत, आमच्याकडे न बघता.
“एवढा रविवार जाऊ द्या.
सापडेल.”