दहापैकी

आधी हातात घे, मग बघ.
वजन तळव्याला कळतं, डोळ्याला नुसता रंग.
असं मी शिकवत असताना ओजस रेगेने
बबल-रॅपच्या तीन घड्या उलगडून
तांबडा रोबो माझ्या हातावर ठेवला,
दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, गाळा नंबर एकोणीस,
एकतीस वर्षं मी साचे घासले.
बादल्यांचे, टूथब्रशच्या दांड्यांचे, शाम्पूच्या टोपणांचे.
खेळणं एकही नाही.
तरी ही पोरं येतात.
कुणीतरी कुणाला सांगितलंय,
महावीर नगरच्या मागे एक म्हातारा आहे,
प्लास्टिकची नाडी बघतो.

कडेवरून नख फिरवलं.
साच्याचे दोन भाग भेटतात ती रेघ
लागते, पण बोचत नाही. ठीक.
काखेत बारीक ठिपका : इथून रस आत शिरला होता.
शहाणा कारागीर तो काखेतच लपवतो,
आळशी असता तर कपाळावर दिसला असता.

"आता गाडी कर. सावकाश. मला ऐकायचंय."
हात वळले, टक्.
पाय दुमडले, टक् टक्.
शेवटी मान मागे पडली
आणि चेहरा बॉनेटखाली गेला, इंजिनाच्या जागी,
जमिनीकडे बघत.
गाडी टेबलावर बसली.
मागचं एक चाक अधांतरी,
बसचं तिकीट सरकेल एवढं.

"दहापैकी किती, काका?"
अठरा हजार मोजलेत त्याने, रोख,
मालाडच्या एका कॅफेत, खोका बघून.
खोक्याचे कोपरे तो मला तीनदा दाखवतो.
मी आयुष्यभर रिकामे खोके पाहिलेत.

मित्राचा जुना तुकडाही आणलाय त्याने सोबत, तन्वीरचा,
गुडघ्यात मोडलेला, फेविक्विकचा पांढरा डाग पडलेला.
मी व्हर्नियर काढला. दोन्ही छपरं मोजली.
तन्वीरचं एकसष्ट पॉइंट चार.
ओजसचं साठ पॉइंट पाच.
चष्मा पुसून पुन्हा. तेच.

तयार खेळण्यावरून साचा काढला
की नवा रस निवताना आकसतो,
शंभराला दीड.
म्हणून नक्कल नेहमी जराशी लहान असते,
कितीही जीव लावून केली तरी.

पण गुडघा.
अस्सल तुकडा जिथे मोडला
तिथेच याची भिंत जाड आहे, आतल्या बाजूने,
कुणाला दिसू नये अशी.
कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी रात्रपाळीत
एकाने पोलाद तिथे अर्धा मिलिमीटर जास्त कोरलं,
कारण त्याला दिसलं, हा मोडणार.
मालकाला सांगितलं नसेल.
मीही सांगितलं नव्हतं,
टोपणाच्या बिजागरीच्या वेळी.
अजून लोकांच्या न्हाणीघरांत ती टोपणं
उघडत असतील, मिटत असतील.

मी दोन्ही सांगितलं, आधी माप, मग गुडघा.
ओजसला मापच ऐकू आलं.
कानांच्या पाळ्या लाल झाल्या,
फोन काढला, कुणाला लावला नाही.
"म्हणजे डुप्लिकेट."
"हो. पण इथे बोट लाव..."
त्याने बोट लावलं नाही.

आकडा राहूनच गेला.
मी सात देणार होतो.
गुडघ्याचा एक धरून आठ.

जाताना तिन्ही घड्यांचं बबल-रॅप
तन्वीरच्या लंगड्या रोबोला गुंडाळलं त्याने,
आणि स्वतःचा, अर्धा रोबो अर्धी गाडी,
तसाच पँटच्या खिशात कोंबला.
तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत
प्रत्येक पायरीला मला ऐकू येत होतं,
टक्.
टक्.
मोडला नाही.